इंग्लंडमध्ये घरून व्यवसाय: कौन्सिलचं सर्टिफिकेट आधीच घ्यावं का?

मृण्मयी:
'काम छोटं असेल तर प्लॅनिंग परमिशन, म्हणजे बांधकामाची किंवा वापर बदलण्याची कौन्सिलची परवानगी, लागत नाही' हे उत्तर सर्रास दिलं जातं, आणि ते अपुरं आहे. 1990 च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टचं कलम 55 उलाढाल बघत नाही. घराच्या वापरात ठळक बदल झाला का, एवढंच बघतं. एका खोलीत बसून हिशेब लिहिणाऱ्याला काहीच लागत नाही. पण दिवसभर ग्राहकांची ये-जा, रस्त्यावर गाड्या, बाहेरचा माणूस कामाला, भिंतीपलीकडे आवाज किंवा वास, हे जमत गेलं की परवानगी लागू शकते. अशा काठावरच्या कामासाठी आधीच कलम 192 खाली लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे ठरवलेलं काम परवानगीविनाही कायदेशीर आहे असा कौन्सिलचा दाखला, घ्यावं. शुल्क परवानगीच्या अर्जाच्या निम्मं, निर्णयाची मुदत 8 आठवडे. शिवाय घर विकताना खरेदीदाराच्या सॉलिसिटरला दाखवायला कागद हाती राहतो.

शिरीष:
मला पटत नाही. सर्टिफिकेट अर्जात वर्णन केलेल्या कामापुरतंच असतं. 'आठवड्याला 10 ग्राहक, एका वेळी एकच' असं लिहिलंत आणि पुढे 25 येऊ लागले, तर त्या कागदाचा आधार उरत नाही. नकार आला तर शुल्क जातं, वर कौन्सिलचं लक्ष तुमच्या घराकडे वळतं. त्यापेक्षा कामच आटोक्यात ठेवा. दोन ग्राहकांच्या वेळांत 15 मिनिटांचं अंतर सोडा, म्हणजे दोन गाड्या एकदम दारात उभ्या राहत नाहीत. संध्याकाळी आणि रविवारी ग्राहक घेऊ नका. परवानगीविना वापर बदलणं हा सहसा थेट गुन्हा नसतो. एन्फोर्समेंट नोटीस, म्हणजे तो वापर थांबवण्याचा कौन्सिलचा आदेश, लागू झाल्यावर न पाळणं हा गुन्हा आहे.

मृण्मयी:
शेवटचं वाक्य बरोबर, पण त्यावर विसंबणं महागात पडतं. नोटीस बजावल्यापासून लागू होईपर्यंत किमान 28 दिवस मिळतात. अपील त्या आतच करायचं. तारीख चुकली की नोटीस कायम होते, आणि पुढे दंडाला वरची मर्यादा नाही. 'चार वर्षं काढली की सुटलो', मग कौन्सिल कारवाई करू शकत नाही, हाही गैरसमजच. घराचा वापर व्यवसायाकडे वळला असेल तर मुदत आधीपासूनच 10 वर्षांची होती. 25 एप्रिल 2024 नंतर इंग्लंडमध्ये बांधकामालाही तीच लागू झाली.

वैदेही:
दोघांच्याही बोलण्यात बाग राहिली. खरा घोळ तिथेच होतो. परवानगीशिवाय शेड बांधता येते ती 'क्लास ई' सवलतीखाली, म्हणजे घराच्या आवारातल्या छोट्या बांधकामांना अर्जाशिवाय मुभा देणाऱ्या नियमाखाली: हद्दीपासून 2 मीटरच्या आत असेल तर उंची 2.5 मीटरपर्यंत, आणि मूळ घर सोडून उरलेल्या आवारापैकी निम्म्याहून जास्त जागा बांधकामाखाली नको. लोक उंची सेंटिमीटरने मोजतात आणि मुख्य अट विसरतात: शेडचा वापर राहण्याला पूरक हवा. तुमचं टेबल-खुर्ची चालेल. रोज ग्राहक येणारं सलून चालेलच असं नाही. फ्लॅटला ही सवलत मुळीच नाही. नव्या वसाहतींत मूळ परवानगीतल्या अटीनेच ती काढलेली असू शकते, म्हणून ते जुनं पत्र आधी वाचा.

नितीन:
इतकं सगळं 'बघून ठरवू' असेल तर सामान्य माणसाने काय करायचं? दिवसाला अमुक ग्राहक, अमुक कामगार, असा आकडा कायद्यातच हवा.

शिरीष:
आकड्याने अन्यायच होईल. हमरस्त्यावर सहा गाड्या कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. बंद गल्लीत तेवढ्यानेच शेजाऱ्यांची वाट अडते.

नितीन:
मग निदान खालची मर्यादा द्या, जिच्या आत कुणी विचारणारच नाही. सध्या भित्रा माणूस विनाकारण पैसे भरतो आणि धीट माणूस तसाच निभावून नेतो. हे मला न्याय्य वाटत नाही.

वैदेही:
नितीन, खालच्या मर्यादेला माझा पाठिंबा. मात्र टिफिनवाल्यांनी एक वेगळं लक्षात ठेवावं: फूड बिझनेसची नोंदणी सुरू करण्याच्या 28 दिवस आधी करायची असते, ती मोफत आहे आणि तिचा प्लॅनिंगशी संबंध नाही. नोंदणी झाली म्हणजे वापराला मंजुरी मिळाली असं होत नाही. बाहेरच्या भिंतीवर मोठा एक्झॉस्ट पाइप बसवणार असाल तर त्याचा प्रश्न आणखी निराळा, आणि लीजहोल्ड घर (मालकाकडून दीर्घ भाडेकरारावर, म्हणजे लीजवर घेतलेलं) असेल तर लीजमधली व्यवसायबंदीची अट कौन्सिलच्या होकारानंतरही तशीच राहते.