डिप्लोमाहून थेट एसईला (दुसऱ्या वर्षाला) आलेल्या मुलांना वेगळा जीएफएम (पालक-शिक्षक) हवा का?

खडूची_धूळ (धागाकर्ता)

सप्टेंबर उजाडला की माझ्या वर्गात मागच्या दोन बाकांवर नवे चेहरे दिसू लागतात. डीएसईचे, म्हणजे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेले. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपून ही मुलं कॉलेजात पोचेपर्यंत एक युनिट शिकवून झालेलं असतं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या असतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यांचे नंबर टाकायचं कुणाच्या लक्षात नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम असतो. यांना आयकार्डच्या रांगेत उभं करतात, झालं इंडक्शन.

माझं खरं दुखणं गणिताचं आहे. डिप्लोमात गणित पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये आटोपतं: बेसिक मॅथ्स, मग अप्लाइड मॅथ्स. पुढची दोन वर्षं बहुतेकांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि इथे आल्याआल्या समोर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. त्यातलं व्हेक्टर कॅल्क्युलस उभं आहे पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मल्टिपल इंटिग्रलवर. ते शिकवतात पहिल्या वर्षी, एम-वन आणि एम-टूत. आणि पहिलं वर्ष तर यांना माफ! माफी घाऊक मिळते, पण त्या माफीत कोणकोणती प्रकरणं बुडाली त्याची यादी कुणी हातात देत नाही. मग पोरगं समजतं, आपलं डोकंच चालत नाही. अरे, डोकं चालतंय तुझं, जिन्याची मधली पायरी काढून घेतलीय.

सुचवणी अशी. वीसेक मुलांमागे एक जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, कॉलेजात असतोच. डीएसईची मुलं चार जणांच्या यादीत विखरून टाकण्यापेक्षा ती सगळी एकाच शिक्षकाकडे द्यावीत. तो शक्यतो गणिताचा असावा किंवा स्वतः डिप्लोमातून आलेला. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसायचं. काय शिकलास, काय राहिलंय, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलास का. एवढंच. बोला.

चावी_पाना

कडाडून विरोध.

मी 2009 साली असाच थेट एसईला आलो. पहिल्या दिवसापासून आमचं नाव 'ए डिप्लोमा'. तुम्ही वेगळा जीएफएम दिलात की ती पाटी बीईपर्यंत गळ्यात. एम-थ्री मला कुणी शिकवलं? सीनियरच्या झेरॉक्सनी आणि होस्टेलच्या गच्चीनी. चाळीस मार्कांनी निघाला, पण निघाला.

आणि ही 'राहिलेल्यांची यादी' नेहमी आमचीच का? वर्कशॉप, ड्रॉइंग, इंडस्ट्रीतलं ट्रेनिंग, हे सगळं करून आम्ही येतो. बारावीहून आलेल्या पोराला एसईत मोजमापाचं व्हर्नियर नीट धरता येत नाही, त्याला देता का कुणी वेगळा गार्डियन?

वेलांटी

दादा, तुमचा निघाला म्हणून तुम्ही इथे लिहिताय. ज्यांचा नाही निघाला ते असल्या चर्चेत भाग घ्यायला येत नाहीत.

मी आत्ता टीईला, तिसऱ्या वर्षाला आहे. माझा एम-थ्री राहिला होता, मागच्या महिन्यात सुटला. हिशोब सांगते. बाकीच्यांना आठ सेमिस्टर मिळतात, आम्हाला सहा. पहिलंच सेम आपटलं तर ते आमच्या सीजीपीएच्या, म्हणजे एकूण सरासरीच्या, सहाव्या हिश्श्याएवढं, त्यांच्या आठव्या. वर तोंड काढायला दोन सेम कमी. कॅम्पसला कंपनी येते तेव्हा पहिली अट 'लाइव्ह बॅकलॉग नको', म्हणजे एकही विषय राहिलेला नको, आणि ती अट लावताना तू कुठून आलीस हे कुणी विचारत नाही.

मला जीएफएम होते की. वर्षभरात तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा हजेरी कमी म्हणून. माझा प्रवेशच उशिरा झाला होता, त्याआधीची लेक्चर्स मी कुठून भरणार होते? हे मी बोलले नाही, कारण खोलीत अजून पाच जणं डिफॉल्टर लिस्टमधली उभी होती.

पाटीचं म्हणाल तर ती पाटी कुणी जीएफएम न देताही लागली होती तुम्हाला. तुम्हीच लिहिलंय वर.

दुपारची_ओरल

मी शिक्षक आहे, आणि दुर्दैवाने चावी_पाना यांच्या बाजूने. कारण मात्र वेगळं.

कागदावर 16 तासांचा वर्कलोड. प्रत्यक्षात त्याच्यावर परीक्षा विभाग, प्रवेश समिती, फेस्ट, आणि नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन. नॅकला मेंटॉर-मेंटीचं, म्हणजे एका शिक्षकामागे किती मुलं याचं, प्रमाण दाखवावं लागतं, म्हणून मेंटॉरिंग. म्हणजे रजिस्टर. मी स्वतः 'प्रगती समाधानकारक, नियमित अभ्यासाचा सल्ला दिला' हे वाक्य किती वेळा लिहिलंय ते सांगायची लाज वाटते. एकदा तर कॉलेज सोडून गेलेल्या मुलालाही दिला होता सल्ला.

खडूची_धूळ, तुम्ही तळमळीने कराल. तुमची बदली झाली की? ती डीएसईची फाइल कपाटात आणखी एक फाइल होणार. माणसाच्या चांगुलपणावर चालणारी व्यवस्था नको.

क्रेडिट_जमा

मंडळी अजून 2009 मध्येच अडकली आहेत. यूजीसीने 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. खातं उघडा, विषय पास झाल्याचं क्रेडिट जमा करा, कॉलेज बदला, क्रेडिट सोबत घेऊन जा. विद्यार्थ्याला सगळं स्क्रीनवर दिसतं. सल्लागार म्हणजे जुन्या काळचा एजंट. मधला माणूस काढून टाकण्यासाठीच ही व्यवस्था आहे.

खडूची_धूळ

क्रेडिट_जमा, बँकेत पैसे असणं आणि दुकानदाराने ते घेणं यात फरक आहे. जमा क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतं, आणि पदवी ज्या संस्थेची हवी तिथेच निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. उरलेल्यातलं काय कशाच्या बदल्यात धरायचं हे ती संस्था ठरवते. दोन विषयांचं नाव एक आणि सिलॅबस वेगळा, हे स्क्रीनवर दिसत नाही. आणि आपल्या मुलांचा प्रश्न तर याच्या उलटा आहे. त्यांना पूर्ण वर्षाची सूट मिळालीय. खात्यावर सगळं हिरवं आहे. जे शिकलंच नाही त्याची नोंद कुठल्याच बँकेत नसते.

दुपारची_ओरल, तुमचं म्हणणं लागलं. रजिस्टरचं वाक्य मीही लिहिलंय, थोडं बदलून.

तिसरा_राउंड

मी पालक. तुमचं एम-थ्री मला कळत नाही, पण सल्ला चुकीच्या वेळी देताय एवढं कळतं.

माझ्या मुलाला कॅपमधून एक कॉलेज लागलं होतं. दुसरं जास्त नावाचं, तिथे इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजने स्वतः भरायची, सीट होती. आम्ही आनंदाने ती घेतली. नंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा समजलं, शाहू महाराज शिष्यवृत्तीला प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. फीमधला निम्मा भार उचलला गेला असता तो आमच्यावर आला, आणि एका वर्षाचा नाही, तीन वर्षांचा. प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसाने पैसे भरून घेताना एका शब्दाने सांगितलं नाही. त्याचं तरी काय चुकलं, त्याचं काम पावती फाडण्याचं.

कॉलेजातला जीएफएम भेटतो तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं. सांगायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या शेवटच्या सेमला सांगा.

चावी_पाना

हे पटलं. पॉलिटेक्निकला सांगा. तिथे सगळेच डिप्लोमावाले, पाटी लागायचा प्रश्न नाही.

वेलांटी, तुझं उत्तर दोनदा वाचलं. त्या खोलीत मीही उभा राहिलोय. पण म्हणूनच सांगतो, वेगळी रांग नको. एम-थ्रीच्या सरांनी पहिले चार तास सगळ्या वर्गाला पार्शल आणि मल्टिपल इंटिग्रल परत शिकवावं. बारावीवाल्यांना तरी कुठे आठवतंय? एफईची, म्हणजे पहिल्या वर्षाची, परीक्षा संपली की त्यांचीही पाटी कोरी. एक छोटी चाचणी घ्या सगळ्यांची, जो अडेल त्याला बसवा, मग तो कुठूनही आलेला असो. बी.एस्सी. करून आलेल्यांचं बघा, त्यांना मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स हे पहिल्या वर्षाचे विषय वेगळे काढावे लागतात. नियमातच आहे, त्यामुळे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. विषय राहिला तर विषय द्या. पालक कशाला देताय?

वेलांटी

चाचणी मला चालली असती. पण पहिले चार तास कुणाचे? मी वर्गात पाय ठेवला तेव्हा दुसरं युनिट सुरू होतं. तुमचे ते चार तास बारावीवाल्यांना मिळाले असते आणि मी आयकार्डच्या रांगेत असते.

आणि पालक नको म्हणताय, ठीक. पण 'मी कोणता विषय आधी धरू, लाप्लासचं प्रकरण सोडून दिलं तर पास होईन का' हे विचारायला कुणीतरी लागतं ना. तुम्हाला होस्टेलची गच्ची होती. मी रोज लोकलने दीड तास जाऊन-येऊन करते, माझी गच्ची कुठे आहे?

दुपारची_ओरल

लाप्लास सोडू नकोस, अजून कुणाला राहिला असेल तर त्यालाही सांग. सगळ्यात हमखास मार्क तिथे आहेत. (बघा, दिला सल्ला. रजिस्टर नसताना.)

खडूची_धूळ

चावी_पाना यांची चाचणी घेतो, पण डीएसईचा शेवटचा प्रवेश झाल्यावर, आधी नाही. वेगळ्या जीएफएमचा हट्ट सोडला असं नाही, यंदापुरता बाजूला ठेवतो. शनिवारी दहा ते बारा, पार्शलपासून सुरुवात, ज्याला यायचं त्याने यावं. दारावर 'डीएसई' लिहिणार नाही, 'रिमेडियल' तर मुळीच नाही. 'एम-थ्रीच्या आधीचं' एवढंच.

तिसरा_राउंड यांचं काम माझ्या हातातलं नाही. आमच्या शेजारी एक पॉलिटेक्निक आहे, तिथल्या शेवटच्या सेमच्या मुलांशी एक तास बोलू द्या म्हणून उद्या विचारतो. कॅप, इन्स्टिट्यूट लेव्हल आणि शिष्यवृत्ती, तीनच गोष्टी सांगेन.

चावी_पाना

शनिवारी कोण कोण येतं ते इथे लिहा. सगळे डिप्लोमावालेच आले तर मी म्हणत होतो ते खरं.

वेलांटी

किंवा मी म्हणत होते ते.

दुपारची_ओरल

हजेरी घेणार का?

खडूची_धूळ

नाही.

दुपारची_ओरल

मग मीही येतो. नॅकवाल्यांना मात्र सांगू नका.