गिरणा नदीच्या पाणीवाटपासाठी गावात माणसं कशी तयार करायची?

गिरणाकाठचा:
आमच्या पाणी वापर संस्थेत शेवटचं ट्रेनिंग झालं तेव्हा जे चार जण शिकले त्यातले दोन आता पुण्यात आहेत, बाकीच्यांनी लक्ष सोडलं. आवर्तन आलं, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं, की परत तेच, वरचे घेतात आणि टेलला, कालव्याच्या शेवटाला, पाणीच पोचत नाही. दहा-वीस वर्षं टिकेल असं काय करता येईल?

साक्रीकडचा:
भाऊ, पांझरा नदीवरची फड पद्धत बघा. बंधारा, पाट, आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचं एकच पीक. पाणी देतो पाटकरी, राखण करतो जागल्या, शेतकऱ्याने स्वतः बारं धरायचंच नाही, म्हणजे पिकाला पाणी द्यायचं नाही, त्यामुळे भांडण कमी. आणि पाटकऱ्याला मोबदला गावच देतं, म्हणून ते काम शेकडो वर्षं टिकलं. तुमचे दोघं फुकट राबत होते का? मला तरी खरी अडचण तिथेच वाटते.

रावेरवाली:
२००५च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने संस्थेला पाणीपट्टी वसूल करायचा हक्क आहे दादा, त्यातून एकाला पगार द्या. आणि बायकांना शिकवा, आम्ही गाव सोडून जात नाही. आमच्याकडे केळीपायी बोअर खोल खोल गेले, दर महिन्याला विहिरीची पातळी मोजून फळ्यावर लिहायला लागलो तेव्हा कुठे लोक बोलायला लागले.

गिरणाकाठचा:
हो, फुकटच राबत होते. पगाराचा विषय येत्या मीटिंगला घेतो. ताई, पातळी मोजायला टेप कोणता वापरता?

रावेरवाली:
साधी दोरी, टोकाला वजन, दर मीटरला एक गाठ.