रूपकाची सम किकशिवाय ठेवलेलं आमचं सिंगल. आता क्लब मिक्ससाठी त्यात आठवी मात्रा घालू द्यावी का?

डग्गा_बडोदे

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, तबला वाजवते आणि शिकवते. पुण्याच्या एका मित्राबरोबर केलेलं आमचं इलेक्ट्रॉनिक सिंगल दिवाळीच्या तोंडावर आलं. सिंथ (सिंथेसायझर) त्याचे, तबला माझा. आता त्याला क्लब मिक्स, म्हणजे नाचायच्या क्लबात वाजेल असं रूप, काढायचंय आणि त्यासाठी रूपकाच्या सात मात्रांना एक जोडून आठ करायच्यात. माझं मन घेत नाही. पण मला पटत नाही एवढ्यावर त्याला अडवणं बरोबर नाही, म्हणून जाणकारांना विचारते.

आधी गाण्याची बांधणी सांगते. लय मिनिटाला ११२ मात्रा. सिंथ आणि किक (यंत्रातला जाड, खालचा ठोका) सरळ चारचारच्या, मी सातात. २८ मात्रा झाल्या की दोघं एकत्र समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येतात, म्हणजे दर १५ सेकंदांनी. ऐकणाऱ्याला गणित कळायची गरज नाही, पण काहीतरी सुटतंय आणि पुन्हा जुळतंय हे जाणवतं. आम्हाला तेच हवं होतं.

खरी अडचण समेची होती. रूपकाचे बोल असे: ती ती ना, धी ना धी ना. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, येते; डग्गा (डाव्या हाताचा, घुमणारा) तिथे गप्प असतो. पहिल्या मिक्समध्ये नेमकी तिथेच किक धाडकन पडत होती आणि रूपक रूपक राहतच नव्हता. पुष्कळ वाद झाले. शेवटी मित्राने माझ्या प्रत्येक समेवरची किक काढून टाकली. सातातली एक किक गायब, आणि ती दर वेळी चारातल्या वेगळ्या जागी. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. दुसरं म्हणजे किक आणि डग्गा दोघांचा मुक्काम खालच्याच पट्टीत. किक आली की डग्ग्याची घुमार दबायची. त्याने उलटं केलं, डग्गा बोलला की किकने मान खाली घालायची. कुठला बोल ग्रिडला (संगणकातल्या वेळेच्या सरळ आखणीला) चिकटवलाही नाही. माझी तालीम तबल्याच्या अजराडा घराण्याची, त्यातली आडी (तिरपी) चाल सरळ केली तर उरतं काय?

रेकॉर्डिंग घरीच केलं, रात्री उशिरा, पंखा बंद करून. पावसाळी हवेत पुडीचा (तबल्याच्या कातड्याचा) स्वर सारखा उतरायचा, दर दोन टेकनंतर हातोडी घ्यावी लागे.

आता लोकांचं. माझ्या गुरुजींनी मोबाइलवर ऐकलं आणि म्हणाले, "ठेका स्वच्छ आहे." मोबाइलच्या स्पीकरवर किक जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे त्यांनी तबला आणि सिंथच ऐकले. ज्यांच्या गाडीत मोठा वूफर आहे त्यांनी कळवलं की किक मध्येच गळते, फाइल खराब आहे का बघा. एका विद्यार्थिनीने मात्र आपणहून सम धरून टाळ्या दिल्या, कुणी सांगितलं नसताना. आणि प्लेलिस्टवाल्या एकाने लिहिलं की हे सरळ चारात असतं तर घेतलं असतं. मित्राच्या डोक्यात आठ मात्रा शिरल्या त्या तिथून.

लोक चाराशिवाय नाचत नाहीत हे मला मान्य नाही. नवरात्रात आमच्याकडे सगळं शहर हींच या गरब्याच्या तालाच्या सहा मात्रांवर रात्र रात्र फिरतं. आठच हव्या असतील तर मी केरवा वाजवीन, नवं गाणं करू. रूपकाला टेकू कशाला लावायचा?

फेडर_अलकापुरी

ताई, मी लग्नांत आणि क्लबात वाजवतो, त्या बाजूने सांगतो. तुमच्या मित्राची अडचण खरी आहे. आम्ही एक गाणं दुसऱ्यात मिसळतो ते ३२ मात्रांच्या तुकड्यांनी. तुमचं सिंगल पहिल्या सेकंदापासून सातात आहे, तर ते आत घेणार कुठून आणि बाहेर काढणार कुठून?

पण त्यासाठी आठवी मात्रा लागत नाही. रूपकाची ३२ आवर्तनं म्हणजे २२४ मात्रा. ३२ चे सात तुकडे म्हणजेही २२४. तुमच्या ११२ च्या लयीत बरोबर दोन मिनिटं. तेव्हा सुरुवातीला ३२ मात्रा नुसती किक आणि हॅट (झांजेचा बारीक ठोका), मग दोन मिनिटं तुमचा रूपक जसाच्या तसा, मग शेवटी पुन्हा ३२ साध्या. कोणताही डीजे डोळे मिटून घेईल. दोन मिनिटं कमी वाटली तर तेवढीच आणखी जोडा, हिशेब मोडत नाही.

एक मात्र ऐका. मोठ्या सिस्टिमवर किक गेली की लोक आधी वायरकडे बघतात. समेवर किक नको तर तिथे हलकी टाळी किंवा रिमचा (ड्रमच्या कडेचा) आवाज ठेवा, म्हणजे जागा मुद्दाम सोडलीय हे कळेल.

रावपुरा_जुना

मुली, तुझं सिंगल नातवाने हेडफोन लावून ऐकवलं. तो किक काढण्याचा निर्णय फार मोलाचा आहे, तो सोडू नकोस.

तुला एक ठाऊक असावं म्हणून लिहितो. आपल्यापासून जवळ, अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवला. त्यावर काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, आणि त्या पखवाज शिकलेल्या होत्या. म्हणजे तालवाद्य हाती असलेली बाई आणि यंत्र, ही जोडी या मुलखात नवी नाही. तिथे केलेल्या ध्वनिफिती लोकांपुढे आल्या २०२३ मध्ये. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या ताल आणि बासच्या यंत्रांवर दहा राग वाजवून अल्बम काढला, तेव्हा तो फारसा कुणी घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभर गाजला. एका प्लेलिस्टवाल्याच्या निरोपावर ताल बदलू नये, एवढंच.

कलम_आणि_करार

थोडक्यात. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८ब आलं. आपल्या वादनाची विकृती होऊन नावाला बाधा येत असेल तर कलाकार हरकत घेऊ शकतो. पण वेळेत बसवण्यासाठी किंवा तांत्रिक कारणाने केलेली नुसती काटछाट त्यात मोडत नाही. तुमच्या वादनात नसलेली मात्रा तोडजोड करून घालणं हे नुसत्या काटछाटीपेक्षा पुढचं आहे, तरी मित्राशी कायद्याच्या भाषेत बोलू नका. नवा मिक्स म्हणजे नवं रेकॉर्डिंग, त्याला वेगळा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो. त्या निमित्ताने श्रेय आणि वाटणी कागदावर घ्या. ताल-रचना तुमची असेल तर संगीतकार म्हणूनही नाव लावा, नुसतं 'तबला' नको.

डग्गा_बडोदे

फेडरदादा, २२४ चा हिशेब मी वहीत आवर्तनं मांडून पाहिला, चोख बसतो! मित्राला रात्रीच पाठवला. त्याचं उत्तर आलं की असं असेल तर आठवी मात्रा नको. समेवरच्या टाळीबद्दल तो लगेच तयार झाला, मी नाही. टाळी रूपकात चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर असते, समेवर टाळी ऐकून तालीम घेतलेला माणूस दचकेल. रिमचा बारीक आवाज चालेल, तो करून बघू.

काका, गीताबाई पखवाज वाजवत हे मला माहीत नव्हतं. आता त्या ध्वनिफिती शोधून ऐकते.

वाटणीचं कधी बोलणंच झालं नव्हतं. नव्या मिक्सचं काम सुरू व्हायच्या आधी ते कागदावर करतोय. तयार झाला की इथे कच्ची फाइल टाकीन. मोठ्या स्पीकरवर ऐकून सांगणारं कुणी हवंय, माझ्याकडे तशी सोय नाही.