शाश्वत विकासाचे शिक्षण: आंतरराष्ट्रीय करारांचा आमच्या वर्गाशी काय संबंध?

प्रश्न (शिक्षिका, साक्री तालुका):
शाश्वत विकासासाठी शिक्षण या विषयावर देशादेशांत जे सहकार्य चालते, त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळेने नेमके काय घ्यावे? आमच्याकडे पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रे, एवढेच उरले आहे.

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक, धुळे):
ताई, २००२ च्या जोहान्सबर्ग येथील शाश्वत विकासाच्या जागतिक परिषदेत जपानने मांडलेल्या कल्पनेतून संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक या शिक्षणासाठी जाहीर केले आणि त्याची धुरा युनेस्कोकडे दिली. पुढे २०२१ मध्ये बर्लिन जाहीरनामा आला. या सगळ्याचा गाभा एकच आहे, की मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्नावर स्वतः काम करावे. तुमच्या तर उशाशी पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली सिंचनाची जुनी पद्धत आहे! बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, एका फडात, म्हणजे शेतीच्या एका पट्ट्यात, सगळे शेतकरी एकच पीक घेतात आणि पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडतो. मुलांना पाटावर न्या, पाटकऱ्याला बोलते करा.

उत्तर २ (प्राध्यापक, जळगाव):
सहमत आहे, मात्र सहकार्य म्हणजे केवळ तिकडचे इकडे आणणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी शिक्षणाविषयीच्या लक्ष्य ४.७ मध्ये संस्कृतीच्या योगदानाचाही उल्लेख आहे, तेव्हा फडाची नोंद परदेशी शाळांपर्यंतही जावी.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. पाळीचा तक्ता मुलांकडूनच करून घेते. गणिताचा तासही त्यातच होईल.