मदत हवी आहे: हायस्कूलच्या कलर गार्ड टीमचे सीझनअखेरचे पुरस्कार

सायली_ओहायो

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी इथल्या हायस्कूलच्या कलर गार्डमध्ये आहे, दहावीला. मे महिन्यात टीमचं बँक्वेट, म्हणजे सीझनअखेरचं जेवण आहे आणि पालकांच्या बूस्टर क्लबने पुरस्कारांचं काम यंदा माझ्याकडे दिलंय. हौसेने घेतलंय, पण दोन-तीन ठिकाणी गाडी अडली आहे. ज्यांची मुलं गार्डमध्ये किंवा बँडमध्ये होती त्यांनी जरूर लिहा. शाळेत शिकवणाऱ्यांचं मतही हवं आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ढोलपथकापुढे ध्वज नाचवणारी मुलं-मुली डोळ्यांसमोर आणा, आणि त्यात नृत्य, लाकडी रायफली आणि बोथट सेबर (तलवारी) मिळवा. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ही मुलं मार्चिंग बँडबरोबर फुटबॉलच्या मैदानावर असतात. हिवाळ्यात बँड नसतो. तेव्हा जिममध्ये भलामोठा टार्प अंथरून रेकॉर्डेड संगीतावर काही मिनिटांचा शो करतात. त्याला विंटर गार्ड म्हणतात. त्याची देशपातळीवरची संस्था म्हणजे विंटर गार्ड इंटरनॅशनल, १९७७ पासूनची. तिची अंतिम स्पर्धा दर एप्रिलमध्ये आमच्याच राज्यात, डेटनला असते. आमची टीम यंदा स्थानिक स्पर्धांच्या सर्किटमध्येच खेळली, डेटनला मुलं प्रेक्षक म्हणून गेली.

टीममध्ये अठरा जण आहेत, सोळा मुली आणि दोन मुलगे. एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), मोस्ट इम्प्रूव्ह्ड आणि डायरेक्टर्स अवॉर्ड हे तीन कोच ठरवतात, त्यात आम्ही पडत नाही. जॅकेटवरचं शाळेचं अक्षर, म्हणजे लेटर, ते बँड डायरेक्टर हजेरी आणि गुणांवर देतात. बँडसाठी जॉन फिलिप सूझा पुरस्कार १९५५ पासून आहे, पण आमच्या शाळेत तो आजवर वाद्य वाजवणाऱ्यांनाच गेलाय. म्हणजे गार्डच्या पंधरा मुलांना त्या संध्याकाळी जे काही मिळेल ते आम्ही पालक देऊ तेच.

आतापर्यंत 'पेपर प्लेट अवॉर्ड' असायचे. मुलं मतं देतात, कागदी थाळीवर मार्करने गमतीचा किताब लिहितात. गेल्या वर्षी एका नववीतल्या मुलीला 'ड्रॉप क्वीन' मिळालं, कारण तिच्या हातून रायफल सगळ्यात जास्त पडायची. स्टेजवर ती सगळ्यांबरोबर हसली. नंतर खुर्च्या आवरताना ती थाळी मला टेबलाखाली उलटी ठेवलेली सापडली. ते मला यंदा होऊ द्यायचं नाही.

माझे प्रश्न असे. सगळ्यांना काहीतरी द्यायचं तर ते पोकळ वाटू नये म्हणून काय करावं? मुलांचं मतदान ठेवावं का बंद करावं? तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अकरावीतल्या एका मुलीच्या घोट्याचं लिगामेंट जानेवारीत फाटलं. एकाही शोमध्ये ती उतरू शकली नाही. पण प्रत्येक प्रॅक्टिसला यायची. पाय स्टुलावर ठेवून तोंडाने काउंट्स (संगीताचे ठोके) म्हणायची, कोणाचा टॉस (हवेत उडवून झेलणं) कुठल्या काउंटला आहे हे तिला पाठ होतं. शोच्या दिवशी कोणाचा झेंडा टार्पच्या कुठल्या कडेला ठेवायचा हे तीच बघायची. तिला काय द्यावं? आणि माझी स्वतःची मुलगी टीममध्ये आहे, तर तिचं कोणी लिहावं?

बजेट ३०० डॉलर आहे, त्यातच चार सीनियर्सच्या (बारावीतल्या मुलांच्या) भेटवस्तूही बसवायच्या आहेत.

रानजाई

सायली, छान धागा. माझ्या दोन्ही मुली टेक्सासमध्ये गार्डला होत्या, त्यामुळे अशी बँक्वेटं बरीच पाहिली आहेत.

पोकळपणा पुरस्कार सगळ्यांना दिल्यामुळे येत नाही, विशेषणांमुळे येतो. 'उत्तम सहकार्य', 'सदा हसतमुख' हे कुणालाही चिकटवता येतं आणि मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा प्रत्येक मुलाने या सीझनमध्ये नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिहा. कुठल्या शोमधला कुठला टॉस, कुठली जागा बदलली, कोणाचं काम ऐन वेळी उचललं. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या सर्टिफिकेटवर चालत असेल तर ते फाडून नवीन लिहा.

गटवारी हवी असेल तर जजच्या शीट्स वापरा. विंटर गार्डमध्ये १०० पैकी ४० गुण जनरल इफेक्टचे (शोच्या एकूण परिणामाचे), आणि इक्विपमेंट, मूव्हमेंट, डिझाइन यांचे प्रत्येकी २०. मुलांनी वर्षभर जजच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच शब्द ऐकलेले असतात. त्याच भाषेत पुरस्कार आला की तो खेळातला वाटतो, पालकांनी कौतुकाने दिलेला वाटत नाही. इक्विपमेंट म्हटलं की झेंडा, रायफल, सेबर असे तीन वेगळे देता येतात. मूव्हमेंटमध्ये नाचणारी मुलं येतात, ज्यांच्याकडे एरवी रायफल लाइनच्या मानाने कोणी बघत नाही.

मुलांचं मतदान बंद करा, पण मुलांना विचारणं बंद करू नका. आम्ही एक ऑनलाइन फॉर्म केला होता. प्रत्येकाला दोन नावं दिली आणि या दोघांना तू या वर्षी काय करताना पाहिलंस, एवढाच प्रश्न. फॉर्म फक्त मी वाचायचे. जे आलं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. एकीने लिहिलं होतं, बसमध्ये माझ्या केसांचा अंबाडा रोज हीच बांधते, आईला वेळ नसतो.

घाटवाट

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळ्यांना बक्षीस दिलं की ज्याने खरंच घाम गाळला त्याच्या बक्षिसाची किंमत उतरते. सोळा-सतरा वर्षांची मुलं आहेत, त्यांना हरणं पचवता यायला हवं. तीन पुरस्कार कोच देतातच, बाकीच्यांना टाळ्या पुरेत.

सायली_ओहायो

घाटवाट, तुमचा मुद्दा समजला, पण हरणं या मुलांना चांगलंच माहीत आहे. सर्किटमध्ये दर शनिवारी गुण लागतात, क्रमांक लागतात, कधी कधी पहिल्या पाचातही नसतो. बँक्वेटला पुन्हा स्पर्धा लावायची नाही. सीझनमध्ये कोणी काय केलं हे कुणीतरी मोठ्याने म्हणावं एवढाच हेतू. कोचच्या तीन पुरस्कारांना ट्रॉफी असेल, बाकीच्यांना कागद. फरक राहीलच.

रानजाई, फॉर्मची कल्पना एकदम पटली. आजच करते.

नीलपरी०४

मी इथे क्वचित लिहिते, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत हायस्कूलची चारही वर्षं गार्डमध्ये होते, शेवटची दोन वर्षं रायफल.

ड्रॉपबद्दल आधी. ड्रॉपवर पुरस्कार कधीच नको, प्रेमाने दिलेलासुद्धा. रायफल नवीन शिकताना अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेवर निळं-काळं होतं, दंडावर वळ उठतात. टेपचे थर चढवून रायफल जड झालेली असते आणि तिच्यावर घामाने मळलेल्या बोटांचे ठसे. एवढं करून शोमध्ये ती टार्पवर आपटली की जिमभर तो आवाज येतो. त्या आवाजाची भीती प्रत्येकाला असते. ज्या मुलीच्या हातून जास्त पडते ती बहुतेक वेळा इतरांपेक्षा अवघड टॉस करून बघत असते, हेही लक्षात घ्या.

द्यायचाच असेल तर सावरण्याचा द्या. पडलेली रायफल उचलून चेहरा न बदलता पुढच्या काउंटला बरोबर पोहोचणं ही खरी शिकण्याची गोष्ट आहे, जजसुद्धा ते बघतात. आमच्या टेकने, म्हणजे कोचच्या हाताखाली शिकवणाऱ्याने, मला एका शोनंतर चिठ्ठी दिली होती, की तू क्वाड (चार फेऱ्यांचा टॉस) सोडलास आणि दोन काउंट्समध्ये परत लाइनमध्ये होतीस. ट्रॉफ्या आईबाबांच्या बेसमेंटमध्ये आहेत, ती चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.

घोटा दुखावलेल्या मुलीबद्दल: तिला 'जिद्द', 'स्पिरिट' असलं काही देऊ नका, प्लीज. त्यात दुखापतीची दया येते. तिने काम केलंय, त्या कामाचा पुरस्कार द्या. काउंट्स म्हणणं आणि इक्विपमेंट लावणं हे बऱ्याच टीम्समध्ये पगारी टेक करतात. तिचा किताब तसाच असू दे, रिहर्सल टेक किंवा इक्विपमेंट मॅनेजर. आणि तो कोचने देण्यापेक्षा तिने ज्यांना काउंट्स शिकवले त्यांच्यापैकी कोणीतरी द्यावा.

मास्तर_पुणे

कलर गार्ड मी आजच ऐकलं, पण शाळेत बक्षीस समारंभ पुष्कळ घेतले आहेत, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी.

वेळ मोजा. एका मुलामागे दीड मिनिट धरलं तर अठरा मुलांना सत्तावीस मिनिटं लागतात, आणि टाळ्या, फोटो धरून पाऊण तास. त्याच्या आधी भाषणं नकोत. जेवण झाल्याबरोबर सुरू करा. लहान वर्गापासून वर गेलात तर सीनियर्स आपोआप शेवटी येतात, पण तेव्हा आजी-आजोबा आणि धाकटी भावंडं कंटाळलेली असतात. म्हणून सीनियर्सचं मध्ये घ्या आणि कोचचे तीन पुरस्कार शेवटी ठेवा.

दुसरं नावांचं. जो कोणी वाचणार आहे त्याने प्रत्येक मुलाकडून त्याचं नाव त्याच्याच तोंडून आधी ऐकून घ्यावं आणि आपल्याला वाचता येईल तसं कागदावर लिहून ठेवावं. परदेशात तर हे जास्तच गरजेचं असणार. मुलाने वर्षभर मेहनत करायची आणि आईवडिलांसमोर त्याचं नाव चुकीचं उच्चारायचं, हे बरं नाही. आडनावही गाळू नका.

रानजाई

मास्तर, नावांबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडे व्हिएतनामी आणि नायजेरियन मुली होत्या, प्रत्येकीने फोनवर आपलं नाव रेकॉर्ड करून पाठवलं होतं.

सायली, तुमच्या मुलीचं दुसऱ्या पालकाकडे द्या आणि छापून येईपर्यंत वाचूही नका. तिच्याबद्दलचे फॉर्मसुद्धा त्याच पालकाकडे जाऊ देत.

सीनियर्ससाठी: आमच्याकडे निवृत्त शोचे झेंडे द्यायची पद्धत होती. सगळ्यांच्या सह्या घेतलेली जुनी रायफलही देतात. मात्र आधी डायरेक्टरना विचारा, झेंडे आणि रायफली बहुधा शाळेच्या किंवा बूस्टर क्लबच्या मालकीच्या असतात. आणि बँक्वेट कुठे आहे? रेस्टॉरंटमध्ये असेल तर रायफल उघडी नेऊ नका. लाकडी आहे, पांढऱ्या टेपची आहे हे आपल्याला माहीत, पण पार्किंगमध्ये दुरून बघणाऱ्याला ती बंदूक वाटू शकते. बॅगेत न्या, आणि जमलं तर शाळेच्या कॅफेटेरियातच कार्यक्रम ठेवा.

घाटवाट

सायली, तुमचं उत्तर वाचलं. ट्रॉफी आणि कागद हा फरक ठेवणार असाल तर माझा विरोध नाही. नीलपरींनी ड्रॉपबद्दल लिहिलंय ते वाचून विचार करायला लागलो. पोरगा क्रिकेट खेळतो, त्यांच्याकडेही 'कॅच सोडणारा' असा किताब देतात. या वर्षी बोलेन.

सायली_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. कुठवर आलंय ते सांगते.

फॉर्म सगळ्या मुलांनी भरले, अगदी दोन्ही मुलग्यांनीही, आणि पानं भरून लिहिलंय. सर्टिफिकेटं इंग्रजीत आहेत, इथे मराठीत सांगते. नववीतल्या एका मुलीचं असं झालंय: 'शेवटच्या शोच्या आदल्या आठवड्यात जागा बदलली, दोन प्रॅक्टिसमध्ये सोळा काउंट्सचं नवं काम शिकली आणि कोणाला कळूही दिलं नाही.' गेल्या वर्षीच्या 'ड्रॉप क्वीन' मुलीला इक्विपमेंटमधला रायफलचा पुरस्कार मिळतोय. यंदा तिचा ट्रिपल (तीन फेऱ्यांचा टॉस) पक्का झाला, कोचनीच तो मुद्दा लिहून पाठवला. मी सुचवलं नव्हतं.

घोटा दुखावलेल्या मुलीचा किताब रिहर्सल टेक असाच ठेवला. कोचनी तिला टेकसारखा काळा पोलो शर्ट द्यायचं कबूल केलंय, पाठीवर टीमचं नाव असलेला. तो रायफल लाइनमधल्या तीन मुली देणार आहेत. मजकूरही त्यांनीच लिहिलाय: 'आमचा प्रत्येक टॉस तुझ्या आवाजात मोजलेला आहे.' मी त्यात एक शब्दही बदललेला नाही.

माझ्या मुलीचं एका सीनियरच्या बाबांकडे दिलंय. कार्यक्रम कॅफेटेरियात होईल. डायरेक्टरनी तीन वर्षांपूर्वीच्या शोचे झेंडे द्यायला परवानगी दिली, पण चार सीनियर्सना पुरतील एवढे धड राहिलेले नाहीत. दोन फाटलेत. त्यांचे तुकडे करून फ्रेम करायचा विचार आहे. कापड कापल्यावर कडा सुटतील का? कोणी केलंय का असं?

नीलपरी०४

'तुझ्या आवाजात मोजलेला' वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलींना सांगा.

कापडाचं: झेंडा पॉलिएस्टर सिल्कचा असेल तर कडा सुटतात. फ्रेमच्या मापापेक्षा सगळीकडून इंचभर जास्त कापा आणि मागे दुमडून टाके घाला. चमकदार लामे कापड असेल तर तो कापू नका, त्याचे धागे सुटतच राहतात. तो तसाच घडी घालून खोल फ्रेममध्ये बसवा, फाटलेली बाजू आत. काठीला अडकवायची पट्टी दिसेल अशी ठेवा, गार्डच्या मुलांना ती बघूनच कळतं की हा खरा झेंडा आहे. इस्त्री करायची असेल तर अगदी मंद, आणि वर सुती कापड घालून.