उशिरा लागलेली बंदी

हिमवादळात वाहनबंदी असतानाही लोक गाड्या काढतात, मग अडकले तर दोष त्यांचाच, असं एकाने लिहिलंय. एरवी पटलं असतं, पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात २०२२च्या हिमवादळात जे झालं, त्याला ते लागू होत नाही. वादळाचा अंदाज काही दिवस आधीपासून होता, तरी काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची) वाहनबंदी शुक्रवारी, २३ डिसेंबर २०२२ला, सकाळी साडेनऊला लागू झाली. तोवर सकाळच्या पाळीची माणसं कामावर पोचलीसुद्धा होती! आमच्या समोरच्या घरातला मुलगा सहाच्या पाळीला गेला, तो नाताळच्या दुपारी चालत परतला. आम्ही घरातच होतो, तरी दाराच्या फटीतून पिठीसाखरेसारखा बर्फ आत येऊन चटईवर त्याची लांबट रेघ साठत होती, आणि खिडकीतून समोरचा दिव्याचा खांब दिसत नव्हता.

दुसरं म्हणजे, रस्त्यात सोडलेली गाडी फक्त मालकाची अडचण नसते. प्लाऊ, म्हणजे रस्ता साफ करणारा ट्रक, बर्फ बाजूला ढकलतो, गाडी उचलत नाही. बर्फाखाली गाडी असली की तो तिथेच थांबतो, मागची ॲम्ब्युलन्सही थांबते. बफेलोत तर अग्निशमनाचे बंबच अडकले, काही भागांत मदत पोचेनाच. मग एकेक गाडी ओढून काढायची, लोडरने बर्फ उचलून ट्रकमध्ये भरायचा, असं काम चाललं. म्हणून वारा पडल्यावरही शहरातली बंदी २९ तारखेपर्यंत उठली नाही. तेव्हा आम्हीही वैतागलो होतो, दूध संपलं होतं.