मदत हवी आहे: रोमानियन बैलगाडीचं चित्र पिवळं पडलंय

सध्या बुखारेस्टला असतो, इथल्या जुन्या बाजारातून एक चित्र घेतलं, पुठ्ठ्यावर ऑइल, साधारण ३० बाय ४० सेंमी, फ्रेमला काच नाही. धुळीचा रस्ता, गवताने भरलेली बैलगाडी, गाडीवाला बहुतेक पेंगतोय. गुगल लेन्स सतत रोमानियन चित्रकार निकोलाए ग्रिगोरेस्कू (१८३८-१९०७) याचं नाव दाखवतंय, त्याने बैलगाड्या खूप रंगवल्यात, पण हे कुणीतरी केलेली नक्कल आहे हे मला माहितीये, त्यामुळे किंमत विचारत नाहीये. सही नाही.

प्रॉब्लेम म्हणजे आकाश चहा सांडल्यासारखं पिवळं झालंय. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली, काही फरक नाही. पाणी, साबण अजिबात लावलेलं नाही. यूट्यूबवर थुंकीने ओला केलेला कापूस फिरवतात, धाडस होत नाही. रिस्टोररकडे (जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) दिलं तर चित्रापेक्षा खर्च जास्त.

तर हा पिवळेपणा जुन्या वार्निशचा आहे की वर बसलेल्या काजळीचा, हे रंगाला धक्का न लावता घरच्या घरी कसं ओळखायचं?